ऊर्जा प्रकल्पांतील स्थानिक कंत्राटदार

विद्युत् निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या प्रकल्पांत, प्रकल्पस्थळाच्या परिसरातच राहून व तेथील मजूर, अवजारे आणि वाहने वापरून, कामाचा ठराविक भाग ठराविक मोबदल्यात पूर्ण करून देणाऱ्या व्यक्तीस वा संस्थेस स्थानिक कंत्राटदार म्हणतात. तो बहुधा मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली उपकंत्राटदार म्हणून काम करतो. ‘कंत्राट’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. मराठवाड्यात ‘गुत्तेदार’ हा शब्द अधिक रूढ असून कन्नड–तेलुगू भाषिक प्रदेशांशी असलेल्या जुन्या संबंधांची ती खूण आहे. दूरस्थ ग्रामीण भागातील अशा कंत्राटदारांना ऊर्जा प्रकल्पांच्या कामास पात्र व समर्थ कसे करता येते, याचा विचार येथे केला आहे. पात्रता ही कायद्याने व निविदेच्या अटींनी ठरते. सामर्थ्य मात्र कसब, सुरक्षितता व खेळते भांडवल या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी कसब शिकविण्याकडे सामान्यतः अधिक लक्ष दिले जाते. प्रत्यक्षात, काम पूर्ण केल्यापासून त्याचे पैसे हाती येईपर्यंतचा काळ कंत्राटदार कसा काढतो, यावरच तो टिकतो की बुडतो हे बहुतांशी ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली आणि १९६९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन केल्यावर खेड्यापाड्यांत वीज नेण्याच्या कामास वेग आला. खांब उभारणे, तारा ओढणे, रोहित्रे बसविणे, शेतीपंपांना जोडण्या देणे ही कामे मंडळाच्या कर्मचाऱ्यांबरोबरच लहान कंत्राटदारही करीत. ज्या कामगारांनी या काळात खड्डे खणले व खांब उभे केले, त्यांच्यापैकी काही जण पुढे स्वतः लहान कामे घेऊ लागले. त्यांचे शिक्षण कामावरच झाले. त्यासाठी वेगळी व्यवस्था नव्हती.

याच सुमारास अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मुळा-प्रवरा विद्युत् सहकारी संस्था उभी राहिली. ग्राहकांनी स्वतःच वीजवितरण चालवावे, या हेतूने देशात जे प्रारंभीचे ग्रामीण सहकारी प्रयोग झाले त्यांत तिची गणना होते. सु. चार दशके श्रीरामपूर व लगतच्या भागात तिने वितरण सांभाळले. २०११ मध्ये तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. खेड्यातील माणसे वीजवाहिन्यांची बांधणी व देखभाल करू शकतात, हे या संस्थेने दाखवून दिले. त्याचबरोबर तांत्रिक कौशल्य हाती असूनही आर्थिक घडी विसकटल्यास व्यवस्था टिकत नाही, हेही तिच्या अखेरीवरून स्पष्ट झाले.

विद्युत् अधिनियम, २००३ नुसार मंडळाची पुनर्रचना होऊन ६ जून २००५ रोजी महानिर्मिती, महापारेषण, महावितरण व सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली. या योजनेतील कामे संपूर्ण-बांधणी (टर्नकी) पद्धतीने, म्हणजे साहित्यखरेदीपासून वाहिनी कार्यान्वित करण्यापर्यंत सर्व जबाबदारी एकाच कंत्राटदारावर सोपवून, करून घेण्यावर भर होता. त्यामुळे देखरेख सोपी झाली. परंतु निविदेची रक्कम इतकी मोठी झाली, की तालुक्याच्या ठिकाणचा कंत्राटदार थेट निविदा भरू शकेनासा झाला. तो मुख्य कंत्राटदाराचा उपकंत्राटदार आणि अनेकदा उपकंत्राटदाराचाही उपकंत्राटदार बनला. काम त्याच्याच हातून होत राहिले. मात्र प्रत्येक पायरीवर दर कमी होत गेला आणि पैसे मिळण्यास लागणारा काळ वाढत गेला. आजच्या सौर प्रकल्पांतही हीच रचना बव्हंशी कायम आहे.

सौर कृषी वाहिन्या व बाजारगावे : शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती (२.०) सुरू केली. वितरण उपकेंद्रांच्या जवळ लहान सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज शेतीच्या वाहिन्यांना पुरविणे, हे या योजनेचे सूत्र होय. खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १,२५,००० रु. भाडे व त्यात दरवर्षी ३% वाढ, तसेच ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत प्रकल्प उभे राहतील त्यांना तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रु. अनुदान, अशा तरतुदी तीत आहेत. मार्च २०२४ मध्ये सु. ९,००० मेवॉ. क्षमतेसाठी विकासकांना इरादापत्रे देण्यात आली. दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ३ मेवॉ. आहे. अशा प्रकारे जो उद्योग पूर्वी परळी, कोराडी, चंद्रपूर यांसारख्या मोजक्या ठिकाणी एकवटलेला होता, तो आता शेकडो उपकेंद्रांच्या परिसरात विखुरला जात आहे.

या बदलाचा अर्थ कुंभार पिंपळगावसारख्या गावाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. जालना जिल्ह्याच्या (स्थापना १ मे १९८१) दक्षिण भागात, गोदावरीच्या उत्तरेस, घनसावंगी तालुक्यात हे गाव वसलेले असून ते आसपासच्या खेड्यांचे बाजारगाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे याच तालुक्यात येते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यामुळे अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या काही भागांस पाणी मिळू लागले. कापूस व ज्वारी यांच्या जोडीने ऊस आला आणि विजेवरील पंपांची संख्या वाढली. अशा बाजारगावांत जळालेल्या मोटारी गुंडाळून देणारे कारागीर, जोडकाम (वेल्डिंग) करणारे, ट्रॅक्टर व खोदयंत्रे भाड्याने देणारे, गवंडी, घरगुती तारजोडणी करणारे वायरमन आणि मजुरांच्या टोळ्या पुरविणारे मुकादम आढळतात. सौर प्रकल्पास लागणारी बहुतेक कसबे त्यांच्याकडे कोणत्या ना कोणत्या रूपात असतात. म्हणून येथील तयारी मुळापासून करावयाची नसून असलेल्या कसबाला कायदा, सुरक्षितता व हिशेब यांची जोड द्यावयाची असते.

कामांचे स्वरूप : १ मेवॉ. क्षमतेच्या जमिनीवरील सौर प्रकल्पास सर्वसाधारणपणे चार ते पाच एकर जमीन लागते आणि प्रत्येकी ५५० वॉटचे पॅनेल वापरल्यास सु. १,८०० पॅनेल बसवावे लागतात. स्थानिक कंत्राटदाराच्या दृष्टीने प्रकल्पाची कामे तीन गटांत विभागता येतात. (१) जमीन सपाट करणे, रस्ता, कुंपण, पाण्याचे चर, पायाचे खड्डे, केबलचे चर, वाहतूक, राखण इ. कामे : ही गावातील कंत्राटदार लगेच घेऊ शकतो. (२) लोखंडी सांगाडा उभारणे, पॅनेल चढविणे, केबल टाकणे, भूसंपर्क (अर्थिंग) पट्ट्या बसविणे : यांना थोडे प्रशिक्षण व काटेकोर मोजमाप लागते. (३) उच्चदाब वाहिनी, रोहित्र, प्रतीपक (इन्व्हर्टर) व संरक्षण उपकरणे यांची जोडणी व चाचणी : ही कामे अनुज्ञप्तीधारक विद्युत् कंत्राटदारासच करता येतात. पहिल्या गटात स्पर्धा फार व नफा थोडा असतो, तर तिसऱ्या गटात याच्या उलट स्थिती असते. पहिल्या गटातील कंत्राटदार दुसऱ्या व तिसऱ्या गटांत चढू शकला, तरच त्याची तयारी झाली असे म्हणता येईल.

अनुज्ञप्ती व कागदपत्रे : विद्युत् संचमांडणीची कामे अनुज्ञप्तीधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवानाधारक तारतंत्रींकडूनच करावीत, हे बंधन भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांच्या पंचेचाळिसाव्या नियमात होते. पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ते कायम राहिले. महाराष्ट्रात ही अनुज्ञप्ती शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. त्यासाठी पर्यवेक्षक नेमलेला असणे आणि निरोधन-मापक (मेगर), भूसंपर्क रोध-मापक यांसारखी उपकरणे जवळ असणे आवश्यक असते. वर्षानुवर्षे मोटारी व जोडण्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे कसब असते, पण प्रमाणपत्र नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री वा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणाकडे प्रमाणपत्र असते, पण मजूर व अवजारे नसतात. या दोघांनी भागीदारी संस्था किंवा सहकारी संस्था स्थापन केल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो. बाजारगावात अनुज्ञप्तीधारक संस्था उभी करण्याचा हा सर्वांत सुलभ मार्ग होय.

याखेरीज पॅन, वस्तू व सेवा कराची नोंदणी, ‘उद्यम’ नोंदणी, चालू खाते आणि मजुरांची हजेरी व वेतनपत्रके यांची गरज असते. कामगार राज्य विमा सामान्यतः १० वा अधिक, तर भविष्यनिर्वाह निधी २० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस लागू होतो. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ती ५० करण्यात आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते. म्हणूनच मोठ्या कंपन्या वेतनपत्रके व भविष्यनिर्वाह निधीची चलने पाहिल्याशिवाय देयक मंजूर करीत नाहीत. ही कागदपत्रे वेळच्या वेळी न ठेवणाऱ्या कंत्राटदाराचे काम चांगले असले, तरी त्याचे देयक अडकते.

सुरक्षितता : ग्रामीण भागातील वायरमनला प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाची (ए.सी.) सवय असते. खटका बंद केला, की पुढील तार मृत होते, हा त्याचा अनुभव. सौर पॅनेलला हा नियम लागू नाही. ऊन आहे तोवर पॅनेलच्या अग्रांवर दाब असतोच. एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेत तो १,००० ते १,५०० व्होल्टपर्यंत जातो. शिवाय प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक आवर्तनात क्षणभर शून्यावर येत असल्याने त्यातील ठिणगी विझण्यास मदत होते; एकदिश प्रवाहात (डी.सी.) असा शून्यक्षण नसल्याने भार चालू असताना जोड उघडल्यास निर्माण झालेली विद्युत् प्रज्योत (आर्क) पेटतीच राहते. त्यामुळे हात भाजणे व आग लागणे हे धोके संभवतात. माळेवरील भार प्रथम प्रतीपकाकडून तोडणे, नंतर पृथक्कारक (आयसोलेटर) उघडणे, मापकाने प्रवाह नसल्याची खात्री करणे व त्यानंतरच जोडास हात लावणे, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत शिकवावा लागतो.

उच्चदाब वाहिनीवरील कामात वाहिनी बंद केल्याचा लेखी परवाना (लाइन क्लिअर), दाब नसल्याची चाचणी आणि कामाच्या दोन्ही बाजूंस तात्पुरता भूसंपर्क या तीन गोष्टी अनिवार्य असतात. दूरध्वनीवरून ‘वीज बंद केली’ असे ऐकून खांबावर चढणे आणि दुसऱ्या बाजूने जनित्राचा वा अन्य वाहिनीचा पुरवठा आल्यामुळे प्राण गमावणे, हा ग्रामीण अपघातांचा परिचित प्रकार आहे. हातमोजे, सुरक्षापट्टा व शिरस्त्राण यांचा खर्च निविदेच्या दरात स्वतंत्रपणे दाखविला नाही, तर चढाओढीत सर्वप्रथम तोच कापला जातो. म्हणून काही नियोक्ते सुरक्षासाधनांचा खर्च स्पर्धेबाहेर, ठरीव रकमेने देतात. ही प्रथा अनुकरणीय आहे. सौर क्षेत्रातील कारागिरांसाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ हा प्रारंभी ६०० तासांचा अभ्यासक्रम चालविला. त्यातून कुशल कामगार तयार होतात. परंतु देयक, दर व करार यांचे शिक्षण कंत्राटदारास वेगळेच द्यावे लागते.

खेळते भांडवल : मराठवाड्यातील सर्वांत रूढ कंत्राटपद्धती म्हणजे ऊसतोडणीची मुकादमी. तीत हंगामापूर्वीच मुकादमास उचल मिळते. तो ती ‘कोयत्यां’ना, म्हणजे बहुधा पति-पत्नींच्या जोड्यांना, वाटतो आणि मग काम करवून घेतो. उचलीमुळे मजूर कर्जात बांधला जातो, हा या पद्धतीचा गंभीर दोष आहे. तथापि मुकादमाच्या दृष्टीने पैसा आधी येतो व काम नंतर होते. ऊर्जा प्रकल्पांत हा क्रम नेमका उलटा असतो : काम आधी, मोजमाप नंतर, देयक त्यानंतर व पैसा सर्वांत शेवटी. टोळी हाकण्यात तरबेज असलेला मुकादम सौर प्रकल्पाच्या कामात अडचणीत येतो, तो याच फरकामुळे.

उदाहरणादाखल २० लाख रुपयांचे, चार महिन्यांत करावयाचे काम घेऊ. दरमहा ५ लाखांचे काम होते, त्यावर ४.५ लाख रु. खर्च येतो, म्हणजे अपेक्षित नफा १०%, एकूण २ लाख रुपये. देयक महिनाअखेर सादर होते, त्याच्या तपासणीस पंधरा दिवस व प्रदानास पंचेचाळीस दिवस लागतात आणि प्रत्येक देयकातून ५% सुरक्षा अनामत कापली जाते असे धरल्यास पहिले पैसे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मिळतात. तोपर्यंत १३.५ लाख रु. खर्च झालेले असतात. सहाव्या महिन्याच्या अखेरीस शेवटचे देयक मिळेपर्यंतचा सर्व काळ धरून, गुंतलेल्या रकमेवर दरमहा शेकडा १ रु. दराने (बँकेच्या सु. १२% वार्षिक दराप्रमाणे) व्याज काढल्यास ते सु. ४४,००० रु. होते. हेच पैसे गावातील सावकाराकडून दरमहा शेकडा ३ रु. दराने घेतल्यास व्याज सु. १ लाख ३० हजार रु. होते. अनामतीचे १ लाख रु. अजून यावयाचे असल्याने, सर्व देयके मिळूनही कंत्राटदाराच्या हाती बँकेच्या कर्जात सु. ५६,००० रु. उरतात, तर सावकारी कर्जात सु. ३०,००० रुपयांची खोट असते. काम तेच, मजूर तेच व दरही तोच. फरक केवळ पैसा कोठून आला याचा. या हिशेबात वस्तू व सेवा कर धरलेला नाही. नोंदणीकृत कंत्राटदारास श्रमसेवेवरील १८% कर देयकाचे पैसे येण्यापूर्वीच भरावा लागत असल्याने प्रत्यक्ष ओझे याहून अधिक असते. उगमस्थानी कापलेल्या आयकराची रक्कमही विवरणपत्र भरल्यानंतरच परत मिळू शकते.

यावर काही उपाय कायद्याने उपलब्ध आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारास करारात मुदत ठरविली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते आणि राज्याच्या सुकरीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र बांधकाम-करारांस हे संरक्षण कितपत लागू होते, याविषयी न्यायालयांत भिन्न मते व्यक्त झाली आहेत. म्हणून कंत्राटदाराने केवळ कायद्यावर विसंबून न राहता कार्यादेशातच पुढील बाबी लिहून घेणे हितावह ठरते : (१) प्रारंभी साधनसामग्री जुळविण्यासाठी काही टक्के अग्रिम, (२) मासिक नव्हे, तर पंधरवड्याचे चालू देयक, (३) मोजमाप दोन्ही पक्षांनी जागेवरच करून स्वाक्षरी करणे, (४) जादा कामास लेखी आदेश, (५) अनामत परत करण्याची निश्चित तारीख. ‘मुख्य कंत्राटदारास पैसे मिळाल्यावर उपकंत्राटदारास दिले जातील’ ही अट बहुतेक करारांत असते. ती मान्य करणे म्हणजे कामाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या पक्षाच्या दिरंगाईची जोखीम स्वतःवर घेणे होय.

शासन व विकासक यांची भूमिका : महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लहान कामांचे वाटप मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते व खुले कंत्राटदार यांच्यात ३३ : ३३ : ३४ या प्रमाणात करण्याची पद्धत प्रचारात आली. नवोदितास पहिले काम मिळवून देणे हे तिचे प्रयोजन होय. पूर्वानुभव नसल्याने काम नाही व काम नसल्याने अनुभव नाही, हे चक्र तीमुळे काही अंशी भेदले जाते. मात्र कागदोपत्री संस्था काढून तिच्या नावावर काम घ्यावयाचे व दुसऱ्यालाच ते विकावयाचे, असा गैरवापरही होऊ शकतो. राखीव वाटपाबरोबर प्रत्यक्ष कामावरील हजेरीची तपासणी नसेल, तर खरा कारागीर पुन्हा तळाशीच राहतो.

सौर प्रकल्पांच्या विकासकास यातून घेता येण्याजोगा धडा असा, की कामाचे गठ्ठे लहान करावेत आणि तयारीस जमीनमोजणीच्या वेळीच प्रारंभ करावा. कार्यादेश देण्याच्या आठवड्यात अनुज्ञप्ती, विमा व कर नोंदणी मागितल्यास गावातील कोणीही पात्र ठरत नाही आणि दूरच्या शहरातील टोळी आणणे भाग पडते. हीच कागदपत्रे सहा महिने आधी सांगितल्यास ती मिळविता येतात. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील कारागीर, यंत्रे व अनुज्ञप्तीधारक यांची सूची चावडीवर लावणे आणि बँकेने कार्यादेशाच्या आधारे अल्पमुदतीचे कर्ज देणे, या दोन साध्या गोष्टींनी बरेच काम होते.

स्थानिकांना काम देण्याच्या मागणीस एक विकृत रूपही येऊ शकते. काम न करता केवळ गावचे म्हणून पैसे मागणे, आपलीच यंत्रे चढ्या भाड्याने घेण्याची सक्ती करणे किंवा रस्ता अडविणे हे प्रकार कंत्राटात मोडत नसून ती खंडणी होय. बीड जिल्ह्यात ऊर्जाकंपनीकडून खंडणी मागितल्याचा आरोप आणि त्या संदर्भात केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेला खून यांमुळे या प्रश्नाची भीषणता साऱ्या राज्यासमोर आली. हे प्रकरण न्यायालयात गेले. जेथे काम मिळण्याचे नियम उघड असतात, दर जाहीर असतात व पैसे खात्यावर जमा होतात, तेथे दडपशाही करणाऱ्या मध्यस्थास वाव कमी राहतो. त्यामुळे पात्र स्थानिक कंत्राटदारांची तयारी ही आर्थिक बाब असण्याबरोबरच ग्रामीण शांततेचीही बाब आहे.

इतर देशांतील अनुभव : कॅनडातील क्वेबेक प्रांतात जेम्स बे जलविद्युत् प्रकल्पाच्या निमित्ताने १९७५ मध्ये क्री व इन्यूट या मूळ रहिवाशांशी करार झाला. पुढील वर्षी क्री लोकांनी स्वतःची बांधकाम कंपनी स्थापन केली. नायजेरियाने २०१० मध्ये खनिज तेल व वायू उद्योगात देशी सहभागासंबंधी कायदा केला. दक्षिण आफ्रिकेत २०११ पासून नूतनीकरणक्षम ऊर्जेच्या निविदांचे मूल्यमापन करताना ७०% गुण किमतीस व ३०% गुण स्थानिक रोजगार, खरेदी, समाजाची मालकी इ. बाबींना देण्यात आले. गुयाना या देशात समुद्रातील तेलाचे उत्पादन २०१९ मध्ये सुरू झाले. परंतु स्थानिक व्यवसायांना निविदा, सुरक्षामानके व हिशेब शिकविणारे केंद्र तेथे २०१७ मध्येच उघडण्यात आले होते आणि त्याविषयीचा कायदा २०२१ मध्ये झाला. या उदाहरणांपैकी शेवटचे विशेष उद्‌बोधक आहे. कारण तेथे तयारी आधी व सक्ती नंतर असा क्रम होता. केवळ टक्केवारी ठरवून दिली व तयारी केली नाही, तर नावापुरते स्थानिक भागीदार पुढे करण्याची प्रवृत्ती वाढते.

देखभालीचे महत्त्व : सौर प्रकल्पाची उभारणी काही महिन्यांत संपते, त्याचे आयुष्य मात्र सु. २५ वर्षे धरले जाते. पॅनेल धुणे, गवत काढणे, सैल जोड घट्ट करणे, जळालेले वितळतार (फ्यूज) बदलणे, कुंपण व चर दुरुस्त करणे आणि रोज निर्माण झालेल्या विजेची नोंद ठेवणे ही कामे या सर्व काळात चालतात. प्रत्येक काम लहान असल्याने त्यासाठी दूरच्या शहरातून माणूस पाठविणे परवडत नाही. दुरुस्तीस जितके दिवस लागतील तितक्या दिवसांची वीज कायमची बुडते. हीच गोष्ट सौर कृषी पंपांची. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ (२०२४) या योजनेत पुरवठादारावर पाच वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी आहे. त्यानंतर शेतकरी गावातील कारागिराकडेच वळणार, हे उघड आहे. मोटार गुंडाळण्याच्या ज्या दुकानांचा धंदा जळणाऱ्या मोटारींवर चालतो, त्यांना आज प्रतीपक व पंपनियंत्रक यांची दुरुस्ती शिकविल्यास पुढील पिढीचा रोजगार गावातच राहील. उभारणीच्या गर्दीत चार महिने मजूर पुरविणारा मुकादम आणि पंचवीस वर्षे प्रकल्प चालता ठेवणारा अनुज्ञप्तीधारक या दोघांना समाज ‘गुत्तेदार’ असे एकच नाव देतो; पहिल्यातून दुसरा घडविणे हेच या तयारीचे साध्य होय.